अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या जठर कर्करोगावरील अल्पछेद शस्त्रक्रिया

अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या जठर कर्करोगावरील अल्पछेद शस्त्रक्रिया ही कर्करोग शल्यचिकित्सेतील एक अवघड व तुलनेने विरळ करावी लागणारी शस्त्रक्रिया आहे. ज्या रुग्णाची अन्ननलिका पूर्वी काढण्यात आली आहे किंवा तिच्यावर अन्य शस्त्रक्रिया झाली आहे, त्याच्या जठरात पुढे कर्करोग उद्भवल्यास तो छाती वा पोट मोठ्या छेदाने न उघडता काढणे, असे तिचे स्वरूप असते. त्यासाठी साधारणतः ५ ते १२ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांतून दुर्बीण आणि लांब दांड्याची उपकरणे शरीरात घातली जातात. हीच शस्त्रक्रिया यंत्रमानवाच्या (रोबोटच्या) साहाय्यानेही करता येते.

अन्ननलिका काढल्यानंतर बहुतेक रुग्णांत जठराचीच नळी तयार करून ती अन्ननलिकेच्या जागी बसवली जाते. त्यामुळे अशा रुग्णाचे जठर मूळ जागी, मूळ आकारात आणि मूळ रक्तपुरवठ्यासह राहिलेले नसते. या बदललेल्या अवयवात कर्करोग झाल्यास नेहमीची जठरशस्त्रक्रिया जशीच्या तशी करता येत नाही. रोग अगदी प्रारंभिक अवस्थेत सापडला, तर तो एंडोस्कोपीतूनच काढता येण्याची शक्यता असते. तो उशिरा सापडला, तर संपूर्ण नळी काढून अन्नमार्ग दुसऱ्यांदा नव्याने उभारावा लागतो. त्यामुळे या विषयात शस्त्रक्रियेच्या तंत्राइतकेच पहिल्या शस्त्रक्रियेनंतरच्या दीर्घकालीन पाठपुराव्याला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

जठराचा रक्तपुरवठा

जठराला अनेक रोहिण्यांकडून रक्त मिळते. जठराच्या लहान वक्र कडेने डावी व उजवी जठर रोहिणी, तर मोठ्या वक्र कडेने डावी व उजवी जठर-वपा रोहिणी जाते. (वपा म्हणजे जठराच्या कडेपासून आतड्यांवर लोंबणारा चरबीयुक्त पडदा.) जठराच्या वरच्या घुमटाकार भागाला प्लीहेकडून येणाऱ्या आखूड रोहिण्या रक्त पुरवतात. या सर्व रोहिण्या जठराच्या भिंतीत परस्परांशी जोडलेल्या असतात. त्यामुळे काही रोहिण्या बांधून तोडल्या, तरी उरलेल्यांच्या आधारे जठर जिवंत राहू शकते. अन्ननलिकेच्या जागी जठर बसवणे याच गुणधर्मामुळे शक्य होते.

जठरनलिका

अन्ननलिकेच्या कर्करोगात अन्ननलिकेचा मोठा भाग, जठराचा वरचा भाग आणि परिसरातील लसिकाग्रंथी काढल्या जातात. उरलेल्या जठराची मोठ्या वक्र कडेच्या बाजूने सुमारे ४ ते ५ सेंटिमीटर रुंदीची नळी तयार केली जाते. तिला जठरनलिका म्हणतात. ती छातीतून वर नेऊन छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत उरलेल्या अन्ननलिकेला जोडली जाते.

ही नळी तयार करताना डावी जठर रोहिणी, डावी जठर-वपा रोहिणी आणि प्लीहेकडील आखूड रोहिण्या तोडाव्या लागतात. त्यानंतर नळीचे पोषण मुख्यतः उजव्या जठर-वपा रोहिणीवर अवलंबून राहते. उजवी जठर रोहिणी राखली असल्यास तिचीही काही मदत होते. उजव्या जठर-वपा रोहिणीला इजा झाल्यास संपूर्ण नळीचा रक्तपुरवठा धोक्यात येतो.

नळी छातीत नेण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग मूळ अन्ननलिकेच्या जागेतून, म्हणजे हृदयाच्या मागून व मणक्यांच्या पुढून जातो. दुसरा उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, मागून जातो. तिसरा छातीच्या पिंजऱ्याबाहेरून, त्वचेखालून जातो. दुसऱ्या शस्त्रक्रियेची आखणी करताना पूर्वी कोणता मार्ग वापरला होता, हे माहीत असणे अत्यावश्यक असते.

कारणे

अन्ननलिकेच्या कर्करोगावर मात केलेल्या रुग्णांचे आयुष्यमान वाढल्यामुळे जठरनलिकेतील कर्करोगाची नोंद पूर्वीपेक्षा अधिक होऊ लागली. या विषयावरील बरेचसे वैद्यकीय लेखन जपानमधील आहे. तेथे जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आहे आणि शस्त्रक्रियेनंतर नियमित एंडोस्कोपी करण्याची पद्धत रुजलेली आहे. हा कर्करोग अन्ननलिकेतील जुन्या रोगाचा प्रसार नसून बहुधा स्वतंत्र, नवा कर्करोग असतो. अन्ननलिकेच्या कर्करोगाचा एक प्रमुख प्रकार सपाट पेशींपासून होतो, तर जठराचा कर्करोग मुख्यतः ग्रंथिल पेशींपासून होतो. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली दोहोंतील फरक बहुधा ओळखता येतो.

या कर्करोगाशी संबंधित मानले जाणारे प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत :

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन वैज्ञानिकांना या जिवाणूच्या शोधासाठी २००५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जिवाणूचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला. नळी झालेल्या जठरातही हा जिवाणू टिकून राहू शकतो.

तंबाखू व मद्य. हे दोन्ही अन्ननलिकेच्या सपाट पेशींच्या कर्करोगाचे महत्त्वाचे कारक आहेत. धूम्रपानाने जठराच्या कर्करोगाचाही धोका वाढतो. त्यामुळे एकाच व्यक्तीत दोन्ही अवयवांचे कर्करोग आढळू शकतात.

पित्ताचा उलट प्रवाह. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेत जठराला जाणाऱ्या चेता तोडल्या जातात आणि जठराच्या खालच्या तोंडाची झडप अनेकदा सैल केली जाते. त्यामुळे पित्त जठरनलिकेत परत येऊन तिच्या अस्तराला दीर्घकाळ दाह होऊ शकतो.

जठराच्या अस्तराची दीर्घकालीन झीज. दाह, अस्तर पातळ होणे, त्याचे आतड्यासारख्या अस्तरात रूपांतर होणे आणि अखेर कर्करोग, असा हा क्रम अनेक वर्षे चालतो.

पहिली शस्त्रक्रिया आणि जठरनलिकेतील कर्करोग यांत बहुधा काही वर्षांचे अंतर असते. दहा वर्षांनंतरही असा रोग आढळल्याच्या नोंदी आहेत. म्हणून ‘पाच वर्षे झाली, आता तपासणीची गरज नाही’ हा सर्वसाधारण समज अशा रुग्णांच्या बाबतीत चुकीचा ठरू शकतो.

लक्षणे व निदान

प्रारंभिक अवस्थेत बहुतेकदा कोणतेही लक्षण नसते. पुढे घास अडकणे, भूक मंदावणे, वजन घटणे, उलटी, काळी शौच, रक्तक्षयामुळे येणारा थकवा किंवा छातीत जडपणा जाणवतो. ज्या रुग्णाची अन्ननलिका काढलेली आहे, त्याला थोडे खाल्ल्यावर पोट भरल्यासारखे वाटणे, जळजळ होणे आणि वजन कमी राहणे यांची सवय झालेली असते. त्यामुळे नवी तक्रार जुन्याच शस्त्रक्रियेचा परिणाम समजून दुर्लक्षित होण्याचा धोका असतो.

निदानाची मुख्य चाचणी एंडोस्कोपी ही आहे. तीत संशयित भागाचा तुकडा काढून त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी (बायोप्सी) केली जाते. गाठ भिंतीच्या किती थरांत शिरली आहे, हे पाहण्यासाठी एंडोस्कोपीच्या टोकावरील सोनोग्राफी उपयोगी पडते. छाती व पोटाच्या सी.टी. स्कॅनने रोगाचा प्रसार समजतो. त्याच तपासणीत रक्तवाहिन्यांचे चित्रण केल्यास उजवी जठर-वपा रोहिणी कोठून जाते, हेही दिसते. नळीऐवजी मोठे आतडे वापरावे लागण्याची शक्यता असल्यास त्याचीही कोलोनोस्कोपीने आधी तपासणी केली जाते.

पहिल्या शस्त्रक्रियेची लेखी नोंद हाही निदानाचाच भाग आहे. नळी कोणत्या मार्गाने नेली, कोणत्या रोहिण्या राखल्या, जोड छातीत आहे की मानेत, किरणोत्सार उपचार दिले होते का, या प्रश्नांची उत्तरे त्या नोंदीत असतात. त्यामुळे रुग्णालयातून मिळालेले डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचा अहवाल आणि बायोप्सीचा अहवाल रुग्णाने आयुष्यभर जपून ठेवणे आवश्यक आहे.

उपचारांची निवड

एंडोस्कोपीद्वारे उपचार

कर्करोग केवळ आतील अस्तरापुरता मर्यादित असेल आणि लसिकाग्रंथींत पसरण्याचा संभव अत्यल्प असेल, तर अस्तराचा बाधित भाग खालच्या थरापासून सोडवून एका तुकड्यात काढता येतो. या पद्धतीला ई.एस.डी. असे संक्षिप्त नाव आहे. ती प्रथम जपानमध्ये विकसित झाली. बाहेरून एकही छेद न घेता होणारा हा उपचार असून नळी व तिचा रक्तपुरवठा दोन्ही शाबूत राहतात.

जठरनलिकेत ही पद्धत नेहमीच्या जठरापेक्षा अवघड असते. जागा अरुंद असते, अन्न व पित्त साचलेले असू शकते आणि जुन्या टाक्यांच्या रेषेवर अस्तर खालच्या थराला घट्ट चिकटलेले असते. भिंतीला छिद्र पडल्यास त्याचा परिणाम हृदय व फुप्फुसांलगतच्या जागेत होतो.

नळीचा काही भाग काढणे

रोग खोलवर गेला असल्यास शस्त्रक्रियेला पर्याय राहत नाही. जठरनलिकेतील गाठी बऱ्याचदा तिच्या खालच्या भागात असतात आणि हा भाग काही रुग्णांत पोटातच असतो. अशा वेळी केवळ खालचा भाग काढून उरलेली नळी लहान आतड्याला जोडण्याचा विचार होतो.

येथे या शस्त्रक्रियेतील मूलभूत पेच उभा राहतो. जठराच्या खालच्या भागातील कर्करोग ज्या लसिकाग्रंथींत प्रथम पसरू शकतो, त्यांतील एक महत्त्वाचा गट उजव्या जठर-वपा रोहिणीच्या मुळाशी असतो. नेहमीच्या जठरशस्त्रक्रियेत ही रोहिणी मुळापाशी बांधून तोडली जाते आणि तिच्याभोवतीच्या ग्रंथी तिच्यासह काढल्या जातात. जठरनलिकेच्या बाबतीत तीच रोहिणी नळीचा मुख्य आधार असते. ती तोडली, तर वरचा उरलेला भाग निर्जीव होऊ शकतो. ती राखली, तर ग्रंथी तिच्यापासून एकेक करून सोलून काढाव्या लागतात आणि एखादी ग्रंथी मागे राहण्याची शक्यता उरते. काही रुग्णांत वर्षानुवर्षांच्या काळात नळीच्या वरच्या टोकाला आसपासच्या ऊतींतून नवा रक्तपुरवठा निर्माण झालेला असतो. मात्र तो पुरेसा आहे असे गृहीत धरता येत नाही, तो शस्त्रक्रियेदरम्यान पडताळून पाहावा लागतो.

संपूर्ण नळी काढणे

गाठ मोठी असल्यास, ती वरच्या भागात असल्यास किंवा ग्रंथींत प्रसाराची शंका असल्यास संपूर्ण जठरनलिका काढली जाते. त्यानंतर अन्नमार्गासाठी मोठ्या किंवा लहान आतड्याचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह वर नेऊन जोडला जातो. लहान आतडे मानेपर्यंत न्यायचे असल्यास त्याच्या वरच्या टोकाचा रक्तपुरवठा पुरेसा राहावा म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने छातीतील किंवा मानेतील रक्तवाहिन्यांशी अतिरिक्त जोड द्यावा लागतो. ही दीर्घ व जोखमीची शस्त्रक्रिया असते. रुग्णाची प्रकृती ती पेलण्याजोगी नसल्यास मर्यादित शस्त्रक्रिया, केमोथेरपी किंवा लक्षणे सुसह्य करणारे उपचार निवडले जातात.

अल्पछेद शस्त्रक्रियेची पद्धत

पोटातील टप्प्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोटाची पोकळी फुगवली जाते. छातीतील टप्प्यात एका बाजूचे फुप्फुस तात्पुरते आकसवून किंवा कमी दाबाने वायू भरून काम करण्यास जागा केली जाते. त्यानंतर सर्वसाधारण क्रम असा असतो :

प्रथम पोट व छातीच्या आतील पडद्यांवर रोग पसरलेला नाही, याची दुर्बिणीने खात्री केली जाते. सी.टी. स्कॅनमध्ये न दिसणारा सूक्ष्म प्रसार या वेळी सापडू शकतो आणि निरुपयोगी ठरणारी मोठी शस्त्रक्रिया टाळता येते.

नंतर जुन्या शस्त्रक्रियेमुळे निर्माण झालेली चिकटणे सोडवली जातात. नळीलगत यकृत, श्वासपटल, फुप्फुस, हृदयाचे आवरण आणि श्वासनलिकेचा मागचा भाग चिकटलेला असू शकतो. पूर्वी किरणोत्सार दिलेला असल्यास ऊती अधिक कठीण व रक्तस्रावी झालेल्या असतात. हा टप्पा सर्वाधिक वेळ घेतो आणि इजा होण्याचा मुख्य धोका याच टप्प्यात असतो.

यानंतर रोहिणी ओळखून तिच्याभोवती काम केले जाते. नळी छातीत गेल्यामुळे रोहिणीची दिशाही बदललेली असते. दुर्बिणीतून मिळणारे मोठे व स्पष्ट दृश्य येथे उपयोगी पडते.

रक्तपुरवठा तपासण्यासाठी इंडोसायनीन ग्रीन हे रंगद्रव्य शिरेतून दिले जाते. अवरक्त प्रकाशाजवळच्या किरणांत ते चमकते. विशेष कॅमेऱ्यातून पाहिल्यावर ज्या भागात रक्त पोहोचते, तो भाग उजळ दिसतो. रोहिणी तोडण्यापूर्वी ती चिमट्याने तात्पुरती बंद करून नळी उजळते की नाही, हे पाहता येते. अशा चाचणीमुळे नळीचा किती भाग राखायचा, हा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही.

शेवटी गाठ असलेला भाग पिशवीत घालून लहान छेदातून बाहेर काढला जातो आणि नवे जोड तयार केले जातात. पोषणासाठी लहान आतड्यात तात्पुरती नळी ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे.

उरोस्थीच्या मागून गेलेली नळी काढण्यासाठी पारंपरिक पद्धतीत उरोस्थी उभी कापावी लागत असे. छातीतून किंवा मानेतून दुर्बिणीने काम केल्यास काही रुग्णांत हा छेद टाळता येतो. चिकटणे सुटत नसल्यास, रक्तस्राव होत असल्यास किंवा शरीररचना स्पष्ट दिसत नसल्यास मोठा छेद घेऊन शस्त्रक्रिया पूर्ण केली जाते. असा बदल हे अपयश न मानता रुग्णाच्या सुरक्षिततेसाठीचा निर्णय मानला जातो.

अन्ननलिकेच्या इतर शस्त्रक्रियांनंतर

पूर्वीची शस्त्रक्रिया नेहमीच अन्ननलिका काढण्याची असते असे नाही. आम्लाच्या उलट प्रवाहावर केलेल्या शस्त्रक्रियेत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळलेला असतो. अन्ननलिकेचे खालचे तोंड नीट न उघडण्याच्या विकारात (ॲकॅलेशिया) तेथील स्नायू छेदलेला असतो. अशा रुग्णांत जठराचा रक्तपुरवठा बराचसा मूळचाच असतो, म्हणून शस्त्रक्रिया तुलनेने सोपी ठरते. मात्र यकृताचा डावा भाग आणि श्वासपटल यांची चिकटणे सोडवावी लागतात. जठराचा वरचा भाग काढायचा असल्यास गुंडाळलेला भाग उलगडावा लागतो किंवा गाठीसह काढावा लागतो.

आम्ल किंवा क्षार गिळल्याने अन्ननलिका जळालेल्या काही रुग्णांत जठराऐवजी मोठ्या आतड्याची नळी बसवलेली असते. अशा रुग्णाचे जठर पोटातच राहते. त्यात कर्करोग झाल्यास शस्त्रक्रिया करताना आतड्याच्या नळीचा रक्तपुरवठा जपावा लागतो, कारण त्या रक्तवाहिन्यांचा मार्ग अनेकदा जठराच्या मागून किंवा पुढून गेलेला असतो.

फायदे व मर्यादा

अन्ननलिका व जठर यांच्या नेहमीच्या कर्करोगांत अल्पछेद पद्धतीचे मूल्यमापन मोठ्या अभ्यासांतून झाले आहे. युरोपातील ‘टाइम’ या चाचणीत (२०१२) अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या ११५ रुग्णांचा समावेश होता. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसांचा संसर्ग मोठ्या छेदाच्या गटात २९ टक्के, तर अल्पछेद गटात ९ टक्के रुग्णांना झाला. दक्षिण कोरियातील ‘क्लास’ गटाच्या, जठराच्या पहिल्या टप्प्यातील कर्करोगावरील चाचणीत (२०१९) पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्या रुग्णांचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात ९४.२ टक्के आणि मोठ्या छेदाच्या गटात ९३.३ टक्के होते. पुढच्या टप्प्यातील जठर कर्करोगाच्या १,०५६ रुग्णांवर चीनमध्ये झालेल्या चाचणीत (२०१९) तीन वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण अनुक्रमे ७६.५ व ७७.८ टक्के होते. म्हणजे अनुभवी शल्यचिकित्सकांच्या हातून केलेली अल्पछेद शस्त्रक्रिया कर्करोगावरील नियंत्रणात मागे पडत नाही आणि रुग्ण लवकर सावरतो.

हे निष्कर्ष जठरनलिकेच्या कर्करोगाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. असे रुग्ण थोडे असल्याने या विषयावरील माहिती मुख्यतः एकेका रुग्णाच्या किंवा लहान रुग्णगटांच्या वृत्तांतांवर आधारलेली आहे. अशा वृत्तांतांत यशस्वी प्रकरणांचे प्रमाण स्वाभाविकपणे जास्त असते. छेद लहान ठेवणे हे या शस्त्रक्रियेचे साध्य नसून साधन आहे. गाठ पूर्णपणे निघणे, पुरेशा ग्रंथी निघणे आणि उरलेल्या अन्नमार्गाला रक्त मिळणे, या तीन गोष्टी साधत असतील, तरच लहान छेदाचा आग्रह योग्य ठरतो.

संभाव्य गुंतागुंतींत जोडातून गळती, नळी किंवा आतड्याचा तुकडा निर्जीव होणे, न्यूमोनिया, रक्तस्राव, श्वासनलिकेला इजा, आवाज बसणे आणि पुढे जोड अरुंद होणे यांचा समावेश होतो.

इतिहास

व्हिएन्नातील शल्यचिकित्सक थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी कर्करोगग्रस्त जठराचा खालचा भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. न्यूयॉर्कमधील फ्रान्झ टोरेक यांनी १९१३ मध्ये छातीतील अन्ननलिकेचा कर्करोग काढला. त्या वेळी अन्नमार्ग आतून न जोडता शरीराबाहेरून रबरी नळी वापरण्यात आली होती. ब्रिटिश शल्यचिकित्सक आयव्हर लुईस यांनी १९४६ मध्ये पोट व उजवी छाती या दोन्ही मार्गांनी अन्ननलिका काढून जठर वर जोडण्याची पद्धत मांडली. केनेथ मॅककिऑन यांनी १९७६ मध्ये मानेत जोड देण्याची तीन टप्प्यांची पद्धत प्रसिद्ध केली. जठरनलिका हा अवयव या पद्धतींच्या प्रसारातून सर्वत्र रूढ झाला.

जपानमधील सेइगो कितानो यांनी १९९१ मध्ये जठराच्या प्रारंभिक कर्करोगावर दुर्बिणीच्या साहाय्याने पहिली शस्त्रक्रिया केली. १९९२ मध्ये आल्फ्रेड कुशिएरी व सहकाऱ्यांनी छातीतील दुर्बिणीद्वारे अन्ननलिका काढण्याच्या पद्धतीचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

भारतात दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रियेचा पाया मुंबईत घातला गेला. जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. त्यांना २००६ मध्ये पद्मश्री आणि २०१७ मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले. कोइंबतूर येथील डॉ. सी. पलानिवेलू व सहकाऱ्यांनी रुग्णाला पालथे झोपवून दुर्बिणीद्वारे अन्ननलिका काढलेल्या १३० रुग्णांचा अनुभव २००६ मध्ये प्रसिद्ध केला.

महाराष्ट्र व अहिल्यानगर जिल्हा

भारतात अन्ननलिका व जठर या दोन्ही अवयवांच्या कर्करोगाचे दरवर्षी प्रत्येकी ६० हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळतात, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मिझोरमसह ईशान्य भारतात सर्वाधिक असून महाराष्ट्रात ते तुलनेने कमी आहे. त्यामुळे जठरनलिकेचा कर्करोग येथे विरळाच मानला जातो. मात्र ग्रामीण महाराष्ट्रातील तंबाखू व मिश्रीचा वापर पाहता अन्ननलिकेचा कर्करोग अनोळखी नाही. अहिल्यानगरलगतच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातील कर्करोगाचे स्वरूप समजण्यास तिची मोठी मदत झाली.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) हा १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा, १४ तालुक्यांचा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. राहाता तालुक्यातील लोणी येथे प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. अहिल्यानगर शहराजवळ विळद घाट येथे डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. अन्ननलिका काढलेल्या रुग्णावरील दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी मात्र कर्करोग शल्यचिकित्सक, छातीच्या शस्त्रक्रियेत अनुभवी भूलतज्ज्ञ, तज्ज्ञ एंडोस्कोपी विभाग आणि अतिदक्षता विभाग एकत्र असावे लागतात. अशी केंद्रे प्रामुख्याने पुणे, मुंबई यांसारख्या महानगरांत एकवटलेली आहेत. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. देशातील कर्करोग केंद्रांना जोडणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याचे समन्वयनही तेथूनच होते.

शस्त्रक्रिया महानगरात झाली, तरी त्यानंतरची वर्षे रुग्ण गावातच काढतो. जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागांतील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा कुटुंबातील रुग्णाची वार्षिक तपासणी हंगामात आली, तर ती चुकण्याची शक्यता असते. पश्चिमेकडील अकोले तालुक्यातील डोंगराळ गावांसाठी प्रवासाचे अंतर हाच मोठा अडथळा असतो. जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या व्यापक ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने गावातील प्रशिक्षित स्त्रियांच्या हाती प्राथमिक आरोग्याची जबाबदारी दिली. या कार्यासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावपातळीवरील आरोग्यसेविकेने वजनातील घट, घास अडकणे किंवा चुकलेली तपासणी वेळीच हेरणे, हा दुर्मीळ कर्करोगांच्या पाठपुराव्यातही उपयोगी ठरू शकणारा मार्ग आहे.

खर्चाच्या दृष्टीने राज्य शासनाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महत्त्वाची आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती निवडक जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून सध्याच्या नावाने ओळखली जाते. अंगीकृत रुग्णालयांत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोत्सार उपचार या योजनेत समाविष्ट आहेत.

शस्त्रक्रियेनंतरचे जीवन व पाठपुरावा

जठर पूर्णपणे काढल्यास ब जीवनसत्त्वाच्या बारा क्रमांकाचे (बी-१२) शोषण होत नाही, त्यामुळे ते बहुधा इंजेक्शनद्वारे आयुष्यभर द्यावे लागते. लोह व कॅल्शियम यांचीही कमतरता उद्भवते. एकाच वेळी भरपेट जेवण्याऐवजी दिवसातून सहा ते आठ वेळा थोडे थोडे खाणे, घास बारीक चावणे, जेवताना फार पाणी न पिणे आणि गोड पदार्थ मर्यादित ठेवणे हितावह असते. गोड किंवा पातळ अन्न झपाट्याने आतड्यात उतरल्यास घाम, धडधड, चक्कर व जुलाब होऊ शकतात. जेवणानंतर लगेच आडवे न होणे आणि झोपताना डोक्याकडची बाजू उंच ठेवणे यांमुळे पित्त व अन्न घशाशी येणे कमी होते.

ज्यांची अन्ननलिका काढून जठरनलिका बसवलेली आहे, पण कर्करोग पुन्हा झालेला नाही, अशांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने एंडोस्कोपी करत राहणे, हेलिकोबॅक्टर पायलोरीची तपासणी करून संसर्ग असल्यास उपचार घेणे आणि तंबाखू, मिश्री व मद्य पूर्णपणे बंद करणे महत्त्वाचे ठरते. कोणतीही तक्रार नसताना केलेल्या एंडोस्कोपीत सापडलेली गाठ बहुधा लहान असते. ती एंडोस्कोपीतूनच निघाल्यास उजव्या जठर-वपा रोहिणीला हात लावण्याची आणि दुसऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ येत नाही.